स्लाइड-आउटचा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बदलताना: जुन्या मोटरहोमवाल्यांसाठी

बडोद्यात आणि आसपास आता बऱ्याच जुन्या गाड्या हातोहात फिरतायत, कुणी व्हॅनिटी व्हॅन घेऊन तिची मोटरहोम केली, कुणी बंद पडलेली फिरती दवाखान्याची गाडी घेतली, कुणी प्रदर्शनाची व्हॅन. ह्यातल्या ज्या गाड्यांना स्लाइड-आउट आहे, म्हणजे बटण दाबलं की भिंतीसकट खोली बाहेर सरकते, त्यांचं दुखणं जवळजवळ ठरलेलं असतं. खोली अर्ध्यात अडकते, नाहीतर रात्रीत आपोआप दोन-चार इंच सरकते, नाहीतर बाहेर जाते पण आत यायला नाही म्हणते. मग कुणीतरी सांगतं व्हॉल्व्ह गेला, बदलून टाका. व्हॉल्व्ह बदलणं अवघड काम नाहीये, ज्याला एलन की धरता येते आणि घाई करायची नाही एवढं कळतं त्याला जमतं. पण दोन गोष्टी कराव्याच लागतात, एक म्हणजे बिघाड खरंच व्हॉल्व्हचा आहे हे आधी सिद्ध करायचं, आणि दुसरं म्हणजे नवा व्हॉल्व्ह नुसता दिसायला सारखा नाही तर आतून सारखा आणायचा. ह्या दोन्हींत चूक झाली की खर्च होतो आणि खोली तशीच सरकत राहते.

आधी सिस्टीम समजून घ्या

गाडीच्या खाली किंवा बाजूच्या डिकीत एक पॉवर पॅक असतो. बॅटरीवर चालणारी मोटर, तिला जोडलेला गिअर पंप, तेलाची टाकी, आणि एक ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडी ठोकळा, त्याला मॅनिफोल्ड म्हणायचं. व्हॉल्व्ह ह्या मॅनिफोल्डवर बसलेले असतात. पंपाकडून येणारं तेल पी पोर्टमधून येतं, टाकीकडे परत टी मधून जातं, आणि ए व बी हे दोन होज, म्हणजे लवचिक पाइप, सिलिंडरकडे जातात. ए मध्ये तेल गेलं की खोली बाहेर, बी मध्ये गेलं की आत. हे वळवायचं काम सोलेनॉइड व्हॉल्व्ह करतो, कॉइलला करंट मिळाला की आतला स्पूल, म्हणजे खाचा असलेला दांडा, सरकतो आणि रस्ता बदलतो.

आपल्याकडे बनलेल्या गाड्यांत दोन प्रकार दिसतात. एक चौकोनी व्हॉल्व्ह, चार बोल्टवर मॅनिफोल्डला बसवलेला, दोन्ही टोकांना कॉइल, हा बहुतेक वेळा एनजी ६ साइज असतो, कुणी त्याला सीटॉप ३ पण म्हणतं. दुसरा कार्ट्रिज व्हॉल्व्ह, तो मॅनिफोल्डच्या आत आट्यांवर फिरवून बसतो आणि बाहेर फक्त कॉइल दिसते. अमेरिकेत बनलेल्या जुन्या मोटरहोममध्ये, उदाहरणार्थ आयोवातल्या मॉस्को गावच्या एचडब्ल्यूएच कंपनीच्या सिस्टीममध्ये, मांडणी जरा वेगळी असते, एका खोलीसाठी बाहेर न्यायचा वेगळा आणि आत आणायचा वेगळा व्हॉल्व्ह असतो आणि वीज गेली तर हाताने सोडायची सोय पण. बडोद्यातल्या बऱ्याच घरांतले लोक तिकडे आहेत, त्यांच्यापैकी कुणाला हे वाचून काम करायचं असेल तर तपासायची पद्धत हीच, फक्त सुटे भाग आणि तेल कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे घ्या.

हात लावायच्या आधी

स्लाइड-आउटचं वजन काहीशे किलो असतं, आत ओटा, बेड, कपाट असलं तर आणखी. खोली आणि गाडीच्या भिंतीमध्ये जी फट असते तिथे हात, डोकं, लहान मूल, काहीही नको. शक्य असेल तर खोली पूर्ण आत घेऊन काम करा आणि ट्रॅव्हल लॉक, म्हणजे प्रवासात खोली जागेवर धरणारं लॉक, लावा. खोली अर्ध्यात अडकलीय आणि आत येतच नाही तर मजबूत लाकडी ठोकळे आणि पट्टे लावून ती दोन्ही बाजूंनी अडवा, तेलाच्या भरवशावर सोडू नका, कारण तेल तर तुम्ही आता सोडणार आहात. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना पुढे-मागे ठोकळे लावा.

दुसरी गोष्ट प्रेशरची. ह्या छोट्या पॉवर पॅकमध्ये पण १५० ते २०० बारपर्यंत प्रेशर असू शकतं. होजला सुईएवढं भोक पडलं असेल आणि तुम्ही हाताने चाचपडत गळती शोधली तर तेल कातडीच्या आत घुसतं. बाहेरून छोटासा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं सुरुवातीला, पण आत मांस सडतं आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालं तर घरी हळद लावून बसू नका, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात जा आणि हायड्रॉलिक तेल प्रेशरने आत गेलंय असं स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा, हात नाही. डोळ्यावर गॉगल पाहिजेच.

बिघाड व्हॉल्व्हचाच आहे का?

इथे वेळ घालवा, लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

बटण दाबल्यावर मोटरचाच आवाज दबलेला येतो का बघा. मोटर पंप चालू होताना बॅटरीतून खूप अँपिअर ओढते, जुनी बॅटरी किंवा गंजलेलं टर्मिनल असलं की व्होल्टेज बसतं, आणि व्होल्टेज बसलं की कॉइल स्पूलला नीट ओढू शकत नाही. म्हणून मल्टीमीटर लावायचा तो कॉइलच्या कनेक्टरवर, आणि मोटर चालू असताना. नुसतं बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. बहुतेक कॉइल ठरलेल्या व्होल्टेजच्या साधारण ८५ टक्क्यांपर्यंत काम करतात, म्हणजे १२ व्होल्टच्या कॉइलला १०.२ च्या खाली गेलं की भरवसा नाही. तिथे ९ दिसत असतील तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा आहे, चेसिसवर जिथे अर्थ बोल्ट मारलाय ती जागा घासून स्वच्छ करा, निम्म्या गाड्या एवढ्याने बऱ्या होतात असं माझं मत आहे. आणि गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची हे पण बघून ठेवा, छोट्या चेसिसवर बहुधा १२ आणि बसच्या चेसिसवर २४, पण मागच्या मालकाने पॉवर पॅकला वेगळी बॅटरी दिलेली असू शकते.

व्होल्टेज बरोबर आहे, मग कॉइलचा रेझिस्टन्स मोजा, कनेक्टर काढून. गणित सोपं आहे, व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. ३० वॅटची कॉइल १२ व्होल्टला साधारण ५ ओहम आणि २४ व्होल्टला साधारण १९ ओहम दाखवेल. अनंत दाखवलं तर कॉइल आतून तुटली, शून्याजवळ दाखवलं तर जळून शॉर्ट झाली. अशा वेळी फक्त कॉइल बदलायची, व्हॉल्व्ह नाही, तेल सांडायची पण गरज नाही, नट काढा, कॉइल ओढून काढा, नवी सरकवा. दोन स्लाइड असलेली गाडी असेल आणि दोन्ही कॉइल सारख्या असतील तर अदलाबदल करून बघा, बिघाड कॉइलबरोबर दुसऱ्या खोलीत गेला तर उत्तर मिळालं. कॉइल चालू असताना तिच्या टोकाला लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की ओढ जाणवली पाहिजे, ही पण चांगली खूण आहे.

आता मॅन्युअल ओव्हरराइड, म्हणजे विजेशिवाय हाताने व्हॉल्व्ह चालवायची सोय. कॉइलच्या टोकाच्या मधोमध एक छोटी पिन असते. कुणालातरी पंप चालू करायला सांगा आणि बोथट पिनने ती हळू दाबा. पिन दाबल्यावर खोली व्यवस्थित सरकली तर व्हॉल्व्हची मेकॅनिकल बाजू ठीक आहे, दोष विजेचा आहे. पिन आत जातच नाही, किंवा जाते पण परत येत नाही, तर स्पूल चिकटलाय, मग व्हॉल्व्ह काढावा लागेल. हातोडीने ठोकू नका.

खोली आपोआप सरकत असेल तर मामला जरा गुंतागुंतीचा आहे. सगळे म्हणतात व्हॉल्व्ह गळतोय, पण सिलिंडरच्या पिस्टनचं सील गेलं असलं तरी असंच होतं. तपासायची पद्धत अशी: खोली पूर्ण बाहेर न्या, ती शेवटाला टेकली पाहिजे. प्रेशर सोडा, बी चा होज मॅनिफोल्डपासून सोडवा, मॅनिफोल्डच्या त्या पोर्टला स्टीलचा प्लग मारा, होजचं तोंड बाटलीत बांधून ठेवा. सगळे लांब उभे राहा आणि एकाने बाहेरचं बटण थोडा वेळ दाबून धरावं. सिलिंडर शेवटाला टेकलाय म्हणजे त्या होजमधून काही यायला नको. सुरुवातीला थोडे थेंब पडले तर ठीक, पण धार लागून राहिली तर पिस्टनचं सील गेलंय आणि व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही. धार नाही, तर व्हॉल्व्ह किंवा त्याच्या खालचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणारा, संशयित.

एका खोलीला दोन सिलिंडर असतील आणि एक बाजू पुढे, एक मागे राहून खोली तिरकी होत असेल तर त्याचा ह्या व्हॉल्व्हशी बहुधा संबंध नसतो, ती हवा किंवा फ्लो डिव्हायडरची, म्हणजे दोन्ही सिलिंडरना तेल सारखं वाटणाऱ्या भागाची, गोष्ट आहे.

योग्य व्हॉल्व्ह आणणं

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, हायड्रॉलिकची दुकानं आणि रिपेअरवाले भरपूर आहेत, तिथे जुना व्हॉल्व्ह हातात घेऊन जा, फोटो नाही, व्हॉल्व्ह. दुकानदार काका तसाच दिसणारा काढून ठेवतील आणि म्हणतील "आ ज छे, लई जाव". चार बोल्ट बसतील, कॉइल तीच, कनेक्टर तोच. पण प्लेटवरचं छोटं चित्र, म्हणजे सिम्बॉल, वेगळं असू शकतं आणि सगळं तिथेच आहे.

चित्रात तीन चौकोन असतात. मधला चौकोन म्हणजे बटण सोडल्यावर आत काय होतं ते. चारही पोर्ट बंद, हा क्लोज्ड सेंटर. पी बंद आणि ए, बी दोन्ही टाकीला उघडे, हा फ्लोट सेंटर. पी टाकीला उघडा आणि ए, बी बंद, हा टँडम. चारही एकमेकांना उघडे, हा ओपन. आता, स्पूल व्हॉल्व्ह कितीही नवा असला तरी स्पूल आणि बॉडीमध्ये काही मायक्रॉनची जागा असतेच आणि त्यातून तेल थोडं थोडं गळतं, म्हणून खोली धरून ठेवायला चांगल्या बनवणाऱ्याने खाली पायलट चेक व्हॉल्व्ह, म्हणजे दुसऱ्या बाजूने प्रेशर आलं तरच उलट दिशेने उघडणारा चेक व्हॉल्व्ह, लावलेला असतो, सँडविचसारखा मध्ये बसलेला जाड ठोकळा दिसला तर बहुधा तोच. ह्या चेक व्हॉल्व्हला घट्ट बंद व्हायला त्याच्या पायलटमधलं, म्हणजे त्याला उघडणाऱ्या वाटेतलं, प्रेशर निघून जावं लागतं, आणि ते तेव्हाच जातं जेव्हा वरचा व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत ए आणि बी टाकीला उघडतो. म्हणजे फ्लोट सेंटर पाहिजे. तिथे तुम्ही क्लोज्ड सेंटर लावला तर पायलटमध्ये प्रेशर अडकून राहतं, चेक व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि कोरा करकरीत व्हॉल्व्ह लावूनही खोली सरकते. उलट बाजू पण तितकीच वाईट, जिथे चेक व्हॉल्व्हच नाही तिथे फ्लोट सेंटर लावला तर बटण सोडल्यावर खोलीला धरणारं काहीच उरत नाही.

नंबरवरून पण कळतं. रेक्सरॉथ कंपनीच्या ४डब्ल्यूई६ मध्ये पुढचं अक्षर ई असेल तर क्लोज्ड, जे असेल तर फ्लोट, जी असेल तर टँडम, एच असेल तर ओपन. युकेनच्या डीएसजी-०१ मध्ये ३सी२ म्हणजे क्लोज्ड, ३सी४ म्हणजे फ्लोट, ३सी६० म्हणजे टँडम. विकर्सच्या डीजी४व्ही-३ मध्ये २सी क्लोज्ड, ६सी फ्लोट, ८सी टँडम. आपल्या बेळगावच्या पॉलिहायड्रॉनचे व्हॉल्व्ह पण बाजारात मिळतात, कंपनी कुठलीही घ्या पण सिम्बॉल जुळवा. प्लेट पुसली गेली असेल तर हायड्रॉलिकवाल्याकडून बेंचवर तपासून घ्या, अंदाजाने घेऊ नका. आणि मागच्या मालकाने आधीच चुकीचा लावलेला असू शकतो, म्हणून खाली चेक व्हॉल्व्ह आहे का हे स्वतः बघून ठरवा.

कार्ट्रिज असेल तर पोकळीचा साइज जुळवावा लागतो, ०८ साइजला ३/४-१६ आणि १० साइजला ७/८-१४ आटे असतात. आटे जुळले तरी आतली पोकळी कंपनीगणिक वेगळी असू शकते, तेव्हा पूर्ण नंबर सांगूनच मागवा. नव्या व्हॉल्व्हबरोबर ओ-रिंगचा नवा सेट घ्या. एनजी ६ ला चार ओ-रिंग लागतात, ९.२५ बाय १.७८ मिलिमीटर, नायट्राइलच्या.

प्रत्यक्ष काम

आसपासची सगळी जागा धुवून, पुसून, फुंकून घ्या, व्हॉल्व्ह उघडायच्या आधी. वर्षानुवर्षं रस्त्याची धूळ मॅनिफोल्डवर साचलेली असते आणि त्यातला एक कण आत गेला तरी नवा स्पूल अडकतो. कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे सुटतात, धागे न सुटणारं स्वच्छ कापड घ्या.

मग फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, वायर आणि होजला टेपने नावं लावा, ए ची कॉइल, बी ची कॉइल. कनेक्शन उलट झालं की बाहेरच्या बटणाला खोली आत येते आणि समोर उभ्या असलेल्याला ते माहीत नसतं. पॉवर पॅक बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा. दोन्हीकडच्या ओव्हरराइड पिन काही वेळा दाबून प्रेशर सोडा. चेक व्हॉल्व्ह असेल तर सिलिंडरकडच्या होजमध्ये प्रेशर तरीही अडकलेलं असतं हे लक्षात ठेवा, होज सोडवायचा असेल तर नट वर कापड गुंडाळून पाव फेरी फिरवा, थांबा, सुसू करत उतरू द्या, मग पुढे. खाली ट्रे ठेवा.

चार बोल्ट तिरक्या क्रमाने सैल करा, व्हॉल्व्ह सरळ वर उचला. जुन्या ओ-रिंग मॅनिफोल्डला चिकटून राहतात, चार मोजा, चारही निघाल्या पाहिजेत, एक खाली राहिली आणि वर नवी बसली की गळती पक्की. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका, त्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडा पडला की तिथून तेल गळतच राहतं. उघड्या पोर्टवर लगेच स्वच्छ कापड किंवा प्लास्टिकची टोपी लावा.

जुन्या तेलाकडे पण बघा. पांढुरकं, ताकासारखं झालं असेल तर पाणी गेलंय. २०२४ च्या ऑगस्ट अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांपैकी एखादी तुम्ही घेतली असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, नवं तेल आणि नवा फिल्टर घालूनच नवा व्हॉल्व्ह बसवा, आणि सगळे कनेक्टर उघडून आतला हिरवा गंज साफ करा. तेलात चमकी दिसत असेल तर पंप झिजतोय, नवा व्हॉल्व्ह फार दिवस टिकणार नाही.

नवा व्हॉल्व्ह बसवताना ओ-रिंगला तेच स्वच्छ तेल लावा म्हणजे त्या खोबणीतून पडत नाहीत. पी, टी, ए, बी ची दिशा जुळवा. बोल्ट जुनेच वापरायचे तर ठीक, पण नवे घ्यायचे झाले तर एम ५, निदान १०.९ ग्रेड, आणि लांबी जुन्याएवढीच, जास्त लांब बोल्ट तळाला टेकतो आणि आवळल्यासारखं वाटतं पण व्हॉल्व्ह दाबला गेलेलाच नसतो. तिरक्या क्रमाने थोडं थोडं आवळा, ६ ते ८ न्यूटन-मीटर पुरे, एम ५ आहे तो, मोठ्या पान्याने जोर लावलात तर ॲल्युमिनियमचे आटे निघून येतील. कार्ट्रिज हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मग कंपनीच्या कागदावरच्या टॉर्कने आवळा. कॉइलचा नट फक्त ५ ते ७ न्यूटन-मीटर, जास्त आवळला की आतली नळी दाबली जाते आणि स्पूल अडकायला लागतो, मग माणूस नव्या व्हॉल्व्हला शिव्या देतो.

होजच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळायची आपल्याकडे फार सवय आहे. नळाला ठीक, इथे नको. सरळ आट्यांच्या बीएसपी जोडाला डाउटी वॉशर, म्हणजे आत रबर असलेली धातूची चकती, असतो, जेआयसी जोडाचा कोन धातूला धातू बसतो, दोन्हींना टेप लागत नाही आणि टेपचा तुकडा सुटून थेट स्पूलमध्ये जातो. कॉइलच्या कनेक्टरमध्ये डायोड असेल तर प्लस-मायनस बघून लावा, उलटं लावलं तर फ्यूज उडेल.

तेल

टाकीवर किंवा कागदांत जे लिहिलंय तेच. अमेरिकन सिस्टीममध्ये बहुतेक ठिकाणी डेक्सरॉन एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, चालतं, एचडब्ल्यूएच पण तेच सांगते. आपल्याकडच्या पॉवर पॅकमध्ये हायड्रॉलिक ३२, ४६ किंवा ६८ असतं, हा आकडा म्हणजे ४० डिग्रीला तेल किती घट्ट आहे ते. दोन वेगळी तेलं मिसळू नका. ब्रेक ऑइल चुकूनसुद्धा नको, त्याने नायट्राइलची सगळी सीलं फुगून खराब होतात आणि मग व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंत सगळंच उघडावं लागतं.

लेव्हल बघायची ती सिलिंडरचे रॉड आत असताना, म्हणजे बहुतेक गाड्यांत खोली पूर्ण आत असताना. खोली बाहेर असताना टाकी काठोकाठ भरली तर आत घेताना सिलिंडरमधलं तेल परत येतं आणि झाकणातून डिकीभर सांडतं.

चालू करून बघणं

बॅटरी जोडा. एक माणूस बटणावर, एक माणूस पॉवर पॅकजवळ, तिसरा खोलीच्या बाहेर लांब उभा राहून मुलांना आणि बघ्यांना दूर ठेवायला. बटण क्षणभर दाबून दिशा बघा. बरोबर असेल तर आधी थोडं बाहेर, थोडं आत, मग अर्धं, मग पूर्ण. हवा अडकलेली असते म्हणून खोली झटके देईल, पंप खरखर करेल, टाकीत फेस येईल. पूर्ण बाहेर, पूर्ण आत असं करत राहा, मध्ये मोटरला गार होऊ द्या कारण ह्या डीसी मोटर सतत चालायला बनलेल्या नसतात, त्यात बडोद्याचा मे महिना असेल तर सकाळी लवकरच करा. आवाज सरळ झाला आणि फेस बसला की हवा निघाली. लेव्हल पुन्हा बघा.

रिलीफ व्हॉल्व्हच्या, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हच्या, स्क्रूला हात लावू नका. खोली हळू चालतेय म्हणून तो आवळणारे लोक आहेत, त्याने खोली जोरात चालत नाही, होज फुटतो.

शेवटी खोली बाहेर काढा, जिथे थांबली तिथे भिंतीवर आणि फ्रेमवर टेपची एक पट्टी चिकटवून पेनाने रेघ मारा आणि रात्रभर सोडा. तसंच आत घेऊन, गाडी जागेवर उभी असताना, ट्रॅव्हल लॉक काढून दुसऱ्या रात्री. रेघा सरकल्या नाहीत तर लॉक लावा आणि जवळच कुठेतरी, पावागढपर्यंत वगैरे, एक चक्कर मारून या, परतल्यावर व्हॉल्व्हच्या खाली पुठ्ठा ठेवून सकाळी थेंब पडलाय का बघा. थेंब असेल तर बोल्ट अजून आवळत बसू नका, व्हॉल्व्ह उचला आणि ओ-रिंग बघा. महिन्याभराने रिटर्न फिल्टर बदला, जुन्या सिस्टीममधला सुटलेला कचरा पहिल्या महिन्यातच त्यात येऊन बसतो.